वाचकांचे प्रश्न : कपॅसिटर साठवतो किती आणि देतो केव्हा?

कपॅसिटरविषयीची बरीच पत्रे साचली होती. त्यांपैकी सहा पत्रांतील प्रश्न थोडे संक्षिप्त करून त्यांची उत्तरे या वेळी एकत्र देत आहोत.

प्रश्न : कपॅसिटरच्या दोन पट्ट्या एकमेकींना टेकलेल्या नसतात आणि मधला पदार्थ वीज वाहून नेत नाही. मग डीसी (एकाच दिशेने वाहणारा प्रवाह) अडतो आणि एसी (दिशा उलटत राहणारा प्रवाह) जातो, असे पुस्तकात का म्हटले आहे? आणि कपॅसिटर ही छोटी बॅटरीच असते का?
— बारावीची विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : पट्ट्यांमधील अंतर ओलांडून एकही इलेक्ट्रॉन पलीकडे जात नाही, ही आपली समजूत अगदी बरोबर आहे. कपॅसिटर बॅटरीला जोडला की बॅटरी एका पट्टीवरील इलेक्ट्रॉन ओढून घेते आणि तेवढेच दुसऱ्या पट्टीवर आणून ठेवते. त्यामुळे पट्ट्यांमध्ये विद्युत क्षेत्र निर्माण होते आणि ऊर्जा या क्षेत्रात साठते. पट्ट्यांमधील व्होल्टेज बॅटरीएवढे झाले की ही हालचाल थांबते. डीसी अडतो तो एवढ्याच अर्थाने, कारण सुरुवातीचा क्षणभर डीसी प्रवाहही तारेतून वाहिलेला असतो. आपल्या घरच्या एसी पुरवठ्याची दिशा सेकंदाला १०० वेळा उलटते, त्यामुळे पट्ट्या सतत भरत आणि रिकाम्या होत राहतात आणि बाहेरच्या तारेत प्रवाह अखंड मागेपुढे वाहतो. मधून काहीही पलीकडे गेलेले नसते.

कपॅसिटरची धारकता, म्हणजे दर व्होल्टमागे त्यात किती प्रभार मावतो ते, तीन गोष्टींवर ठरते : पट्ट्यांचे क्षेत्रफळ, त्यांच्यामधील अंतर आणि मधला पदार्थ. धारकता मोजण्याचे फॅरड हे एकक किती मोठे आहे ते हिशोब केल्याशिवाय ध्यानात येत नाही. मध्ये १ मिलिमीटर हवा ठेवून १ फॅरडचा कपॅसिटर करायचा झाल्यास प्रत्येक पट्टी सुमारे ११३ चौरस किलोमीटरची घ्यावी लागेल. म्हणून कारखान्यात अंतर कमी करण्यावर भर देतात. नळकांड्याच्या आकाराच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमध्ये अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर ऑक्साइडचा थर चढवलेला असतो आणि त्याची जाडी दर व्होल्टमागे जेमतेम दीड नॅनोमीटर असते. हा थर एकाच दिशेच्या व्होल्टेजला टिकतो. असा कपॅसिटर उलटा जोडला तर आत वायू तयार होऊन तो फुगतो आणि डोक्यावरची मुद्दाम कोरलेली खाच उसवून फुटतो. सिरॅमिक कपॅसिटरमध्ये बेरियम टायटनेटसारखा पदार्थ वापरतात, जो त्याच आकारात हवेच्या हजारो पट धारकता देतो.

बॅटरीशी तुलना मात्र टाळावी. बॅटरीत रासायनिक क्रियेमुळे वीज निर्माण होत राहते, तर कपॅसिटरमध्ये जेवढा प्रभार ठेवला असेल तेवढाच परत मिळतो, आणि तोही फार थोडा. त्याचे खरे महत्त्व दुसऱ्या एका गुणात आहे : कपॅसिटरच्या दोन टोकांमधील व्होल्टेज एका क्षणात बदलू शकत नाही, कारण त्यासाठी आधी प्रभार आणावा किंवा न्यावा लागतो आणि त्याला वेळ लागतो. १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर १ किलोओहमच्या रोधातून भरल्यास पहिल्या सेकंदात तो सुमारे ६३ टक्के भरतो आणि पाच सेकंदांत जवळजवळ पूर्ण. रोध कमी केला की हेच काम सेकंदाच्या अत्यल्प भागात होते. पुढील बहुतेक सर्व उत्तरे या एका गुणातून निघतात, त्यामुळे परीक्षेसाठी सूत्र पाठ करताना हे वाक्यही पाठ करावे.

प्रश्न : आमचा सीलिंग फॅन वर्षभरात हळूहळू मंदावला. इलेक्ट्रिशियनने कपॅसिटर बदलताच तो पूर्ववत फिरू लागला. कपॅसिटर हळूहळू कसा बिघडतो? आणि अधिक मोठा कपॅसिटर लावला तर फॅन अधिक वेगाने फिरेल का?
— एक निवृत्त शिक्षिका, डोंबिवली

उत्तर : सिंगल फेजच्या पुरवठ्यातून एकाच वाइंडिंगमध्ये (तारेच्या वेटोळ्यात) निर्माण होणारे चुंबकीय क्षेत्र कमीजास्त होते, पण फिरत नाही, म्हणून अशी मोटर आपणहून सुरू होऊ शकत नाही. त्यासाठी पंख्यात दुसरे वाइंडिंग असते आणि त्याच्या मालिकेत कपॅसिटर जोडलेला असतो. त्यामुळे या वाइंडिंगमधील प्रवाह पहिल्याच्या पुढे सरकतो आणि दोन्ही क्षेत्रे मिळून फिरते क्षेत्र तयार होते. कपॅसिटर पूर्ण निकामी झाल्यावर पंखा न फिरता नुसता गुणगुणतो तो यामुळेच.

आपल्याकडील बहुतेक पंख्यांत २.५ मायक्रोफॅरड, ४४० व्होल्टचा कपॅसिटर असतो. तो उघडून पाहिल्यास आत पॉलिप्रॉपिलिनच्या पारदर्शक फितीची घट्ट गुंडाळी दिसते. फितीवर धातूचा इतका पातळ लेप असतो की उजेडासमोर धरल्यावर पलीकडचे अंधुक दिसते. फितीत कोठे कमकुवत जागा निघाली तर तेथे ठिणगी पडून आजूबाजूचा लेप उडून जातो आणि दोष आपोआप अलग पडतो. कपॅसिटर वाचतो, पण प्रत्येक वेळी पट्टीचे थोडे क्षेत्रफळ घटते. व्होल्टेजचे चढउतार आणि छताखालची उष्णता यांमुळे असे वारंवार घडून २.५ चे २ आणि २ चे दीड मायक्रोफॅरड होतात आणि वेग त्याच क्रमाने उतरत जातो.

मोठा कपॅसिटर लावू नये. त्याने वेग किंचित वाढल्यासारखा वाटेल, पण दुसऱ्या वाइंडिंगमधील प्रवाह वाढून मोटर तापते, घरघर वाढते आणि शंभर रुपयांच्या आत मिळणाऱ्या भागापायी वाइंडिंग पुन्हा भरण्याचा खर्च अंगावर येतो. पंखा मंद झाल्यावर प्रथम वीज बंद करून पाते हाताने फिरवून पाहावे. ते जड फिरत असेल तर दोष बेअरिंगचा आहे आणि कपॅसिटर बदलून काहीही साधणार नाही. स्विच बंद केल्यावर कपॅसिटरवरील प्रभार सहसा वाइंडिंगमधून उतरतो, परंतु वाइंडिंग तुटलेले असल्यास तसे होत नाही. स्टुलावर उभ्या असलेल्या माणसाला अशा वेळी बसणाऱ्या झटक्यापेक्षा झटक्याने तोल जाण्याचे भय अधिक असते.

जाता जाता, भिंतीवरील पाच टप्प्यांच्या रेग्युलेटरमध्येही सहसा कपॅसिटरच असतात. जुन्या मोठ्या खोक्यातील रोध जेवढी वीज उष्णतेत घालवत, तेवढी ते घालवत नाहीत, म्हणून नवा रेग्युलेटर गरम होत नाही.

प्रश्न : शेतीपंपाला कपॅसिटर बसवा, असे महावितरण वारंवार सांगते. त्याने शेतकऱ्याचा काय फायदा?
— एक वाचक, संगमनेर

उत्तर : मोटर पुरवठ्यातून दोन प्रकारचा प्रवाह घेते : एक पाणी उपसण्याचे काम करणारा आणि दुसरा केवळ चुंबकीय क्षेत्र उभे करून परत जाणारा. हा दुसरा प्रवाह कपॅसिटर जागेवरच पुरवतो. ५ अश्वशक्तीच्या थ्री फेज मोटरला साधारण २ केव्हीएआरचा (केव्हीएआर हे या दुसऱ्या प्रकारच्या विजेचे माप) कपॅसिटर जोडल्यास तारेतील प्रवाह सुमारे साडेआठ अँपिअरवरून सातपर्यंत उतरतो. तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ती जवळजवळ एक तृतीयांशाने घटते. मीटरवरील युनिट फारसे कमी होणार नाहीत, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. फायदा मिळतो तो व्होल्टेज सुधारण्यात आणि डीपीवरील, म्हणजे गावच्या रोहित्रावरील, भार हलका होण्यात, आणि तोही त्या डीपीवरील बहुतेकांनी कपॅसिटर बसवले तरच. रब्बीत रोहित्र जळाल्यावर पिकाचे काय होते ते आम्ही आपल्याला सांगण्याची गरज नाही. कपॅसिटर स्टार्टरच्या पुढे, मोटरच्या बाजूला जोडावा, म्हणजे मोटरबरोबर तोही बंद होतो. आणि शिफारशीपेक्षा मोठा घेऊ नये.

प्रश्न : माझ्याकडे १९८६ ची प्रीमियर पद्मिनी आहे. गाडी सकाळी उत्तम सुरू होते, परंतु पंधरा-वीस किलोमीटर गेल्यावर धक्के देत बंद पडते आणि अर्ध्या तासाने पुन्हा सुरू होते. मेकॅनिकने दोनदा पॉइंट बदलले. तेही लवकरच काळे पडले. आता तो कंडेन्सर बदलण्यास सांगतो. एवढ्या लहान डबीचा याच्याशी काय संबंध?
— एक वाचक, पुणे

उत्तर : मेकॅनिकचे म्हणणे बहुधा बरोबर आहे, मात्र त्याने पहिल्या वेळीच ते म्हणावयास हवे होते, कारण पॉइंट आणि कंडेन्सर एकत्रच बदलण्याचा प्रघात आहे. पॉइंट म्हणजे प्रवाह जोडणारी-तोडणारी संपर्काची जोडी आणि कंडेन्सर हे कपॅसिटरचेच जुने नाव.

अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग यांनी १९१० च्या सुमारास कॅडिलॅक मोटारींसाठी जी बॅटरी इग्निशन पद्धत प्रचारात आणली, तीच कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या पद्मिनीत शेवटपर्यंत टिकून होती. इग्निशन कॉइलच्या प्राथमिक वेटोळ्यातून ३ ते ४ अँपिअर प्रवाह वाहत असतो. प्रत्येक प्लगला पाळीने स्पार्क पोहोचवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधील फिरता उंचवटा (कॅम) पॉइंटना उघडतो, हा प्रवाह तुटतो, कॉइलमधील चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि दुय्यम वेटोळ्यात स्पार्क प्लगसाठी लागणारे पंधरा-वीस हजार व्होल्ट निर्माण होतात. चार सिलिंडरच्या इंजिनात मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या वेगाने हे सेकंदाला १०० वेळा घडते.

अडचण अशी की कॉइलमधील प्रवाह सहजासहजी तुटत नाही. पॉइंट नुकतेच उघडू लागलेले असतात तेव्हा त्यांच्यातील फट केसाएवढीही नसते, आणि कॉइल त्या फटीवर लगेच इतके व्होल्टेज निर्माण करते की प्रवाह ठिणगीच्या रूपाने फट ओलांडून वाहतच राहतो. प्लगकडे जावयाची ऊर्जा पॉइंट जाळण्यात खर्च होते आणि क्षेत्र सावकाश कोसळत असल्याने दुय्यम बाजूचे व्होल्टेजही पुरेसे चढत नाही. येथे कंडेन्सरचे काम सुरू होते. तो पॉइंटना समांतर जोडलेला असतो आणि पॉइंट बंद असताना रिकामा असतो. पॉइंट उघडताच कॉइलचा प्रवाह फटीऐवजी त्याच्यात शिरतो; आणि त्याचे व्होल्टेज एकदम चढू शकत नसल्याने फटीवरचे व्होल्टेजही एकदम चढत नाही. ०.२२ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर आणि ४ अँपिअरचा प्रवाह धरल्यास ते दर मायक्रोसेकंदाला सुमारे १८ व्होल्टने वाढते. ते दोन-तीनशे व्होल्टपर्यंत पोहोचेतो पॉइंट उघडण्यास सवड मिळते, ठिणगी टळते आणि प्रवाह झटक्यात तुटतो. मोटारीतील एवढ्या क्षुल्लक किमतीच्या भागावर एवढा भार क्वचितच असेल.

कंडेन्सर तीन प्रकारे बिघडतो. आतील जोडणी तुटली तर तो नसल्यासारखाच होतो : पॉइंटवर मोठी पांढुरकी ठिणगी पडते, पॉइंट काळे पडतात, एका पॉइंटवर टेंगूळ आणि दुसऱ्यावर खड्डा तयार होतो. तो शॉर्ट झाला तर पॉइंट उघडूनही प्रवाह तुटत नाही आणि स्पार्क मुळीच मिळत नाही. तिसरा प्रकार आपल्या गाडीसारखा : आतील इन्सुलेशन थंड असताना ठीक असते, पण इंजिनच्या उष्णतेने तापल्यावर प्रभार झिरपू लागतो, गाडी थांबते आणि निवल्यावर काही घडलेच नाही अशा थाटात सुरू होते.

तरीही कंडेन्सरवर शिक्कामोर्तब करण्यापूर्वी एक तपासणी करावी. गाडी बंद पडल्याबरोबर, ती निवण्याची वाट न पाहता, मेकॅनिककडून एका प्लगवरचा स्पार्क पाहून घ्यावा. तो निळा आणि जोरकस असेल तर दोष इंधनाच्या बाजूला, बहुधा तापलेल्या नळीत पेट्रोलची वाफ होण्यात आहे. स्पार्क क्षीण व पिवळसर असेल तर डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून स्टार्टर मारताना पॉइंटकडे पाहावे. बारीक निळसर ठिणगी क्षम्य आहे, लखलखाट नाही. कंडेन्सर निर्दोष निघाला तर संशय कॉइलवर घ्यावा, कारण तीही तापल्यावर अशीच दगा देते. मल्टिमीटरवर या बाबतीत फार विसंबू नये, कारण तो एक-दोन व्होल्टवर आणि थंड स्थितीत मोजतो, तर कंडेन्सर निकामी होतो तो तापल्यावर आणि तीनशे व्होल्टला. खात्रीचा दुसरा कंडेन्सर लावून तेवढेच अंतर गाडी चालवून पाहणे हीच उत्तम परीक्षा. दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेला जुना माल ‘नवा’ म्हणून घेऊ नये. शिवाय, कंडेन्सरची धातूची डबी हेच त्याचे दुसरे टोक असल्याने तो ज्या स्क्रूने बसवतात तो गंजलेला किंवा सैल असल्यास चांगला कंडेन्सरही निरुपयोगी ठरतो. कॉइलजवळ रेडिओची खरखर थांबवण्यासाठी लावलेली तशीच दिसणारी डबी वेगळी; तिची अदलाबदल करू नये.

मोटारसायकलींच्या सीडीआयमध्ये (कपॅसिटर डिस्चार्ज इग्निशन) हीच मांडणी उलटी असते. तेथे सुमारे १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर दोन-तीनशे व्होल्टपर्यंत भरून ठेवतात आणि योग्य क्षणी तो कॉइलमध्ये एकदम रिकामा करतात. ३०० व्होल्टला त्यात जेमतेम ०.०४५ ज्यूल ऊर्जा असते, पण एका स्पार्कला ती पुरते.

प्रश्न : गाडीत मोठा अॅम्प्लिफायर बसवल्यापासून बेस वाजताना हेडलाइट मंदावतात. दुकानदार १ फॅरडचा कपॅसिटर लावण्यास सांगतो. उपयोग होईल का? आणि गाडीत आधीपासून कपॅसिटर असतातच ना?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : १ फॅरड ऐकायला भारदस्त वाटते, म्हणून थोडे गणित करू. १४ व्होल्टला त्यात ९८ ज्यूल ऊर्जा असते, पण ती सगळी वापरता येत नाही. व्होल्टेज १२ पर्यंत उतरले की दिवे मंदावलेलेच असतात आणि तोवर कपॅसिटरने फक्त २६ ज्यूल दिलेले असतात. अॅम्प्लिफायर ५०० वॉट ओढत असेल तर हा साठा सेकंदाच्या विसाव्या भागात संपतो. म्हणजे ढोलाचा एक ठोका तो सावरून धरील, बेसचा लांबलेला सूर नाही. आणि नंतर त्याला पुन्हा भरण्याचे काम इंजिनावर चालणाऱ्या जनित्राला, म्हणजे अल्टरनेटरलाच, करावे लागेल. तेव्हा आधी केबलची जाडी, बॉडी अर्थ (गाडीच्या सांगाड्याशी केलेली जोडणी) आणि बॅटरीची स्थिती तपासावी. आमच्या मते बहुतेक गाड्यांत दोष तेथेच सापडतो. कपॅसिटर लावावयाचाच असेल तर तो डिकीत अॅम्प्लिफायरच्या जवळ असावा आणि पहिल्यांदा रोध किंवा बल्ब मालिकेत ठेवून भरावा. थेट जोडल्यास टोकाशी अशी ठिणगी उडते की टर्मिनल वितळू शकते.

गाडीत आधीपासून असलेल्या कपॅसिटरांपैकी सर्वांत महत्त्वाचे काम एअरबॅगच्या नियंत्रकातील कपॅसिटर करतो. समोरून धडक बसल्यावर बॅटरी किंवा तिची केबल पहिल्या काही क्षणांतच तुटू शकते, म्हणून नियंत्रकात बॅटरीपेक्षा अधिक व्होल्टेजला भरलेला कपॅसिटर राखीव ठेवतात आणि पुरवठा तुटला तरी एअरबॅग पेटवण्याइतकी ऊर्जा तो देतो. याचीच दुसरी बाजू अशी की बॅटरी सोडल्यानंतरही काही काळ एअरबॅग उघडू शकते. स्टीअरिंगखालच्या पिवळ्या कनेक्टरांपाशी ध्वनिव्यवस्थेची तार ओढणाऱ्या कारागिराला हे आवर्जून सांगावे; बॅटरी सोडल्यावर किती थांबावे ते गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेले असते.

प्रश्न : सुपरकपॅसिटर काही सेकंदांत चार्ज होतो आणि लाखो वेळा वापरता येतो, असे वाचले. मग इलेक्ट्रिक मोटारीत बॅटरीऐवजी तोच का वापरत नाहीत?
— एक अभियांत्रिकी विद्यार्थी, नाशिक

उत्तर : वाचलेले खरे आहे. सुपरकपॅसिटरमध्ये सक्रिय कार्बन वापरतात, जो अनेकदा नारळाच्या करवंटीच्या कोळशापासून बनवलेला असतो आणि ज्याच्या एका ग्रॅमच्या छिद्रांतील एकूण पृष्ठभाग हजार चौरस मीटरहून अधिक भरू शकतो. त्यावर जमणारे आयन आणि कार्बन यांच्यातील अंतर नॅनोमीटरपेक्षा कमी असते. क्षेत्रफळ प्रचंड आणि अंतर नगण्य, म्हणून हजारो फॅरड. पण एका सेलला व्होल्टेज सोसते फक्त २.७ च्या आसपास. ३००० फॅरडच्या, सुमारे अर्धा किलो वजनाच्या सेलमध्ये जेमतेम ३ वॉट-तास ऊर्जा मावते. ३० किलोवॉट-तासांची बॅटरी हटवून तेथे असे सेल बसवायचे तर दहा हजार लागतील आणि त्यांचे वजन ५ टन होईल.

म्हणून जेथे थोडी ऊर्जा झटपट घ्यावयाची व द्यावयाची असते तेथे ते वापरतात. माझ्दा कंपनीने २०१२ पासून काही मोटारींत ब्रेक लावताना निर्माण होणारी वीज सुपरकपॅसिटरमध्ये साठवून ती दिवे, पंखा, वातानुकूलन यांना पुरवण्याची सोय केली. शांघायमध्ये २००६ पासून धावलेल्या काही बसगाड्या थांब्यावर प्रवासी चढेपर्यंत सुपरकपॅसिटर भरून घेत आणि पुढच्या थांब्यांपर्यंत जात.

कपॅसिटर इलेक्ट्रिक मोटारीत आजही आहेच. बॅटरीच्या डीसीचा मोटरसाठी एसी करणारा, त्या दोघींमधील इन्व्हर्टर सेकंदाला हजारो वेळा प्रवाह तोडजोड करतो. त्या धक्क्यांनी व्होल्टेज हेलकावू नये म्हणून तेथे काही शे मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर बसवतात. तो रिकामा असताना चारशे व्होल्टची बॅटरी थेट जोडल्यास क्षणभर शॉर्ट झाल्यासारखा प्रवाह वाहील, म्हणून आधी रोधातून तो भरतात आणि मगच मुख्य काँटॅक्टर (विजेने चालणारा मोठा स्विच) मिटतो. ५०० मायक्रोफॅरड आणि ४०० व्होल्टला त्यात ४० ज्यूल ऊर्जा असते, आणि ती जीवघेणी ठरू शकते. गाडी बंद केल्यावर हा प्रभार उतरवणारे सर्किट असते, परंतु अपघातग्रस्त गाडीत ते शाबूत असेलच असे नाही. आपण पुढे या क्षेत्रात काम करणार असाल तर उच्च व्होल्टेजच्या नारिंगी केबलला हात लावण्यापूर्वी बॅटरीचे सर्किट तोडणारा सर्व्हिस प्लग काढावा, मॅन्युअलमध्ये दिलेली मिनिटे थांबावे, आणि त्यानंतरही इन्सुलेटेड हातमोजे घालून टोकांवरील व्होल्टेज मीटरने मोजावे.